वरच्या मजल्यावरची एलोईज

मुलांच्या सिनेमांबद्दल बोला, असं तुम्ही मला सांगितलंत. मी एकाच सिनेमाबद्दल बोलणार आहे, ‘एलोईज ॲट द प्लाझा’. २००३ साली तो अमेरिकेत एबीसी वाहिनीवर दाखवला गेला. केव्हिन लिमा यांचं दिग्दर्शन, साधारण दीड तासाचा ऐवज. सहा वर्षांची एक वांड पोरगी न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलात, अगदी वरच्या मजल्यावर राहते. सोबत तिला सांभाळणारी नॅनी, एक पग कुत्रा आणि एक कासव.

याला आपण कौटुंबिक चित्रपट म्हणतो. पण बघा, यात कुटुंब आहे कुठे? ज्या पुस्तकावरून तो काढला त्यात वडिलांचा उल्लेखसुद्धा नाही. आई सतत परदेशी. तिच्याबद्दल मुलगी अभिमानाने पुष्कळ सांगते, पण चित्रात ती एकदाही दिसत नाही. मग या पोरीला वाढवतं कोण? लिफ्टमन, वेटर, खोल्या आवरणाऱ्या बायका, खाली सामान उचलणारी पोरं. या माणसांसाठीच मी हा सिनेमा निवडला.

माझे वडील एका तालुक्याच्या गावी लॉजचे मॅनेजर होते. काउंटरमागच्या खोलीत आम्ही राहायचो. रात्री कुणी पाहुणा आला की किल्ली देताना तिला लावलेला पितळी बिल्ला फळीवर आपटायचा, तो आवाज माझ्या झोपेचाच भाग झाला होता. मला साडेतीन वर्षांची असताना ताप आला, तेव्हा रात्रभर डोक्यावर पट्ट्या ठेवत बसला तो रूमबॉय. आई सांगायची म्हणून मला ठाऊक. तेव्हा एलोईज मला परकी वाटली नाही.

आता थोडं पुस्तकाबद्दल, कारण सिनेमातला जिवंतपणा तिथूनच आला आहे. ते लिहिणाऱ्या के थॉम्पसन या गायिका. एमजीएम स्टुडिओत त्या गाण्यांची मांडणी करायच्या, मोठमोठ्या नट्यांचे आवाज घडवायच्या. सहा वर्षांच्या मुलीच्या आवाजात बोलून मित्रमंडळींना हसवायची त्यांना सवय होती. आधी आवाज जन्मला, मग मुलगी. हिलरी नाईट या तरुण चित्रकाराने त्या आवाजाला चेहरा दिला आणि १९५५ साली पुस्तक आलं. मुखपृष्ठावर लिहिलं होतं, की हे अकाली शहाण्या मोठ्या माणसांसाठी आहे. ते पोरांनी पळवलं, ही गोष्ट निराळी.

त्यातली एक खोडी मला फार आवडते. जुन्या अमेरिकन इमारतींत पत्रं टाकायला काचेची एक उभी नळी असे. प्रत्येक मजल्यावर तिला फट. पत्र सोडलं की ते सगळे मजले पार करत तळमजल्यावरच्या पेटीत पडायचं. एलोईज तिच्यात पाण्याचा भरलेला जग ओतते. नीट विचार करा. ज्या नळीतून दुसऱ्यांच्या घरची खुशाली जाते, तिच्यात ही पाणी ओतते. लेखिका त्यावर काहीच म्हणत नाही. म्हणूनच ते मला टोचतं. दुसऱ्या ठिकाणी ती दोन काठ्या घेऊन लांबलचक कॉरिडॉरच्या भिंतींवरून खरखर ओढत पळते. बंद दारांच्या त्या रांगेत मी आहे, मी आहे, असं सांगणारा तो आवाज आहे. कंटाळा हा तिचा खरा शत्रू. कंटाळलेलं मूल आणि एकटं मूल यांतला फरक मोठ्यांना क्वचितच कळतो.

थॉम्पसन यांना १९५६ चं टीव्हीवरचं रूपांतर मुळीच पसंत पडलं नाही. पुढच्या पुस्तकांपैकी तीन त्यांनी बाजारातून काढूनही घेतली. १९९८ साली त्या वारल्या आणि पाच वर्षांनी हा सिनेमा आला. सोफिया वासिलिएवा ही मुलगी एलोईज झाली आहे. नॅनी आहेत ज्युली अँड्र्यूज. १९६४ सालच्या ‘मेरी पॉपिन्स’मधल्या नॅनीसाठी त्यांना ऑस्कर मिळालं होतं. १९९७ साली घशाच्या शस्त्रक्रियेनंतर त्यांचा तो गाता गळा गेला. हे मनात ठेवून त्यांना पुन्हा एका पोरीच्या मागे धावताना पाहिलं, की माझा जीव गलबलतो.

सिनेमात राजपुत्र आहे, श्रीमंत मुलींना समाजात मिरवणारा नाचाचा सोहळा आहे, तो साधण्यासाठी झटणारी मंडळी आहेत. ते सगळं ठीकठाक. मी ते भराभर पाहून टाकते. मला थांबावंसं वाटतं ते मुलगी मजल्यामजल्यांवरून हुंदडत असते तिथे. जेफ्री टॅम्बोर यांनी हॉटेलचा मॅनेजर केला आहे. या पोरीला आवरणं हे त्याच्या कामाच्या यादीत नाही आणि तिला झटकून टाकणंही त्याला जमत नाही. पगारी माणसाची माया, ती कशी असते? मला वाटतं, खरीच असते. पण रजेच्या दिवशी तो माणूस आपल्या पोरांकडे जातो. मूल दारात उभं राहतं. हे सिनेमाने दाखवायला हवं होतं, तो कच खातो.

प्लाझा १ ऑक्टोबर १९०७ ला उघडलं. हेन्री हार्डेनबर्ग हे त्याचे वास्तुविशारद. तेव्हा हॉटेलात बिऱ्हाड करून कायमचं राहणं श्रीमंतांत नवलाचं नव्हतं. नामवंत वास्तुविशारद फ्रँक लॉईड राईट न्यूयॉर्कच्याच गुगेनहाइम संग्रहालयाच्या कामासाठी १९५४ पासून तिथेच मुक्काम ठोकून होते. म्हणजे एलोईजचं घर कल्पनेतलं असलं तरी तिची राहणी कल्पनेतली नव्हती.

सिनेमा आला त्यानंतर दोनच वर्षांनी, २००५ मध्ये, नव्या मालकाने प्लाझा बंद केलं. आतल्या बऱ्याचशा खोल्यांचे विकायचे फ्लॅट करायचे ठरले. म्हणजे लिफ्टमन, वेटर, खोल्या आवरणाऱ्या बायका, शेकडो माणसांच्या नोकऱ्या जाणार. हॉटेल कामगारांची संघटना रस्त्यावर उतरली, आणि शेवटी आधीच्या योजनेपेक्षा जास्त खोल्या हॉटेलसाठी राखून ठेवणं मालकाला भाग पडलं. २००८ मध्ये ते पुन्हा उघडलं. हिलरी नाईट यांनी काढलेलं एलोईजचं मोठं चित्र तिथे लावलेलं आहे. पहिलं चित्र १९६० मध्ये चोरीला गेलं होतं, म्हणून त्यांनी दुसरं काढून दिलं. ती पोरगी येणाऱ्याजाणाऱ्याकडे बघत उभी असते, आणि ट्रे घेऊन कामावर आलेला वेटर रोज तिच्यासमोरून जातो.