हसवणाऱ्यांच्या नोकऱ्या

श्रोतेहो, नमस्कार.

ब्रिटनमध्ये विनोदी कादंबरीसाठी इंग्रजी विनोदी लेखक पी. जी. वुडहाउस यांच्या नावाने एक पारितोषिक दिले जाते. २००० साली सुरू झालेल्या या पारितोषिकाच्या मानकऱ्याला शॅम्पेन मिळते, वुडहाउस यांची पुस्तके मिळतात, आणि ग्लॉस्टरशायर ओल्ड स्पॉट जातीच्या एका डुकराला त्याच्या कादंबरीचे नाव दिले जाते. लॉर्ड एम्सवर्थ यांची लाडकी डुकरीण ज्यांना वुडहाउस यांच्या पुस्तकांतून परिचयाची आहे, त्यांना या मानामागचे कारण वेगळे सांगायला नको. स्वतः वुडहाउस १९०० ते १९०२ या काळात लंडनमधील एका बँकेत कारकून होते आणि मिळेल त्या फावल्या वेळात लिहीत होते. त्यांच्या नावाचे पारितोषिक मिळवणाऱ्यांपैकीही अनेकांनी आधी दुसऱ्याच एखाद्या कचेरीत उमेदवारी केलेली दिसते, आणि आज मला त्या उमेदवारीविषयी बोलायचे आहे.

प्रकाशकांना मलपृष्ठावर लेखकाच्या चित्रविचित्र नोकऱ्यांची जंत्री छापण्याची मोठी हौस असते. इंग्रजी विनोदी लेखक डग्लस ॲडम्स यांनी कोंबड्यांची खुराडी साफ केली, कतारमधील एका धनाढ्य कुटुंबाकडे अंगरक्षकाचे काम केले, ही माहिती त्यांच्या परिचयात हमखास येते. मला या जंत्रीचे फारसे अप्रूप वाटत नाही, कारण त्या खुराड्यांचा मागमूस त्यांच्या लेखनात मला तरी आढळलेला नाही. त्यांची सर्वांत गाजलेली कथा ८ मार्च १९७८ रोजी बीबीसीच्या रेडिओ ४ वर मालिका म्हणून सुरू झाली आणि कादंबरी नंतर, १९७९ मध्ये आली, ही गोष्ट मात्र आपल्या माध्यमाच्या अभिमानापोटी मी सांगणारच. त्या कथेत अंतराळातील एका रस्त्यासाठी पृथ्वी पाडली जाते आणि पाडणारे अधिकारी पृथ्वीवासीयांना सुनावतात, की या योजनेचे नकाशे अल्फा सेंटॉरीच्या नियोजन कार्यालयात पन्नास वर्षे पाहण्यासाठी ठेवलेले होते, तेव्हा आता तक्रार करण्यात अर्थ नाही. हसू येते ते या निर्विकार सरकारी सुराचे. नोकरी लेखकाला किस्से पुरवते हे खरेच. पण खुलासा, करारनामा आणि परिपत्रक यांचा हा सूर ती त्याच्या कानात बसवते, ही देणगी मला अधिक मोलाची वाटते.

याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे इंग्रजी विनोदी कादंबरीकार टेरी प्रॅचेट. १९४८ साली जन्मलेला हा माणूस १९६५ मध्ये शाळा सोडून एका स्थानिक वृत्तपत्रात दाखल झाला आणि पुढे १९८० मध्ये सरकारी वीज मंडळात प्रसिद्धी अधिकारी झाला. त्यांच्याकडे जी वीज केंद्रे होती, त्यांत अणुवीज केंद्रांचा समावेश होता, आणि अमेरिकेतील थ्री माइल आयलंड येथील अणुवीज केंद्रातील अपघाताला तेव्हा जेमतेम वर्ष झाले होते. अशा काळात पत्रकारांचा दूरध्वनी आला, की शांत आवाजात, एकही शब्द खोटा न बोलता आणि कोणालाही न घाबरवता उत्तर देणे हे त्यांचे काम होते. त्याच काळात, १९८३ मध्ये, त्यांच्या डिस्कवर्ल्ड या अद्भुतरम्य मालिकेतील पहिली कादंबरी प्रसिद्ध झाली आणि १९८७ मध्ये त्यांनी नोकरी सोडली. एकेचाळीस कादंबऱ्यांच्या त्या मालिकेत जादूगार आहेत, चेटकिणी आहेत, साक्षात मृत्यूही आहे. पण मला त्यांचे खरे बळ पोलीस ठाणे, टपाल खाते आणि टांकसाळ यांच्या चित्रणात दिसते. २००४ साली आलेल्या एका कादंबरीत फाशीतून वाचलेल्या भामट्याला बंद पडलेले टपाल खाते चालवायला दिले जाते आणि न वाटलेल्या पत्रांच्या ढिगांमधून तो वाट काढू लागतो. संस्था आतून कशी चालते आणि बाहेर ती काय सांगते, यांतील अंतर ज्याने पगारी नोकर म्हणून भरून काढले आहे, त्यालाच हे इतक्या मायेने लिहिता येते. २०१२ मध्ये वुडहाउस पारितोषिक त्यांना मिळाले.

विनोदी कादंबरीकार टॉम होल्ट यांची गोष्ट निराळी आहे. ते इंग्लंडमधील सॉमरसेटमध्ये सॉलिसिटर, म्हणजे वकील, होते आणि १९९५ मध्ये पूर्णवेळ लेखक झाले. त्यांच्या एका मालिकेतील तरुण लंडनमधील एका पेढीत कारकून म्हणून लागतो, निरर्थक वाटणारे कागद लावत बसतो आणि ही पेढी जादूचा व्यवसाय करते हे त्याला बरेच उशिरा कळते. विशेष म्हणजे के. जे. पार्कर या नावाने गंभीर, काहीशा क्रूर कादंबऱ्या लिहिणारी व्यक्तीही होल्टच, हे २०१५ पर्यंत गुपित राहिले होते. विनोदी कलाकार बॉब मॉर्टिमरही मूळचे लंडनमधील सॉलिसिटर. भाडेकरूंच्या वतीने झुरळांच्या तक्रारी लढवल्यामुळे त्यांना ‘झुरळांचा राजा’ असे नाव पडले होते. २०२३ मध्ये पारितोषिक मिळालेल्या त्यांच्या कादंबरीचा नायक अर्थातच वकिलाच्या कचेरीतील सहायक आहे.

मरीना लेविका यांची पहिली कादंबरी प्रसिद्ध झाली तेव्हा त्या अठ्ठावन्न वर्षांच्या होत्या. जर्मनीतील निर्वासितांच्या छावणीत युक्रेनी आईबापांच्या पोटी जन्मलेल्या लेविका शेफील्डच्या विद्यापीठात शिकवत, आणि वृद्धांची काळजी घेणाऱ्यांसाठी त्यांनी व्यावहारिक मार्गदर्शनाची पुस्तके लिहिली होती. २००५ च्या त्यांच्या कादंबरीत चौऱ्याऐंशी वर्षांचे वडील छत्तीस वर्षांच्या युक्रेनी बाईशी लग्न ठरवतात आणि एरवी एकमेकींशी न बोलणाऱ्या दोन मुली खडबडून जाग्या होतात. मार्गदर्शक पुस्तकात ज्या प्रकरणाला जागा नसते, ते प्रकरण त्यांनी येथे लिहिले, असे मला वाटते.

२०१८ मध्ये परीक्षकांना आलेल्या बासष्ट पुस्तकांपैकी एकही पुरेसे हसवणारे वाटले नाही, म्हणून पारितोषिक दिलेच गेले नाही. पुढच्या वर्षी ते नीना स्टिब यांना मिळाले. तरुणपणी लंडनमध्ये मुले सांभाळण्याची नोकरी करताना त्यांनी बहिणीला लिहिलेली पत्रे तीन दशकांनी, २०१३ मध्ये, पुस्तकरूपाने आली आणि त्या प्रकाशात आल्या. पारितोषिक मिळालेल्या कादंबरीतील त्यांची नायिका मात्र लेस्टरमधील एका दंतवैद्याकडे मदतनीस म्हणून लागते, आणि नोकरीच्या नियमांत न बसणारी कामेही हळूहळू तिच्याच अंगावर येतात.