पोर्टेड बॅरलला सरावाची काडतुसं कोणती?

[अतिमंद गती. ग्लॉक १७सी, ९ मिमीचं पिस्तूल, बाजूने.]

गोळी अजून बॅरलमध्येच आहे. तरी वर बघा, स्लाइडच्या, म्हणजे पिस्तुलाच्या वरच्या सरकत्या भागाच्या, खिडकीतून पेटत्या वायूचा फवारा उठलाय. बॅरलच्या वरच्या अंगाला, तोंडापासून थोडं मागे, खाचा आहेत. यांनाच पोर्ट म्हणतात, आणि असं बॅरल म्हणजे पोर्टेड बॅरल. गोळी त्यांच्या पुढे सरकली की मागचा दाब तिथून उसळतो आणि पिस्तुलाचं तोंड खाली दाबतो. नेम लवकर जागेवर येतो, पुढची गोळी लवकर सुटते. अमेरिकेत यूएसपीएसए या नेमबाजी संघटनेच्या ओपन गटातले नेमबाज यासाठीच पोर्ट पाडून घेतात.

[खाच पाडण्याचं यंत्र, जवळून.]

पोर्ट पाडणं हे काम बघत राहावं असं आहे. मिशिगनमधल्या लॅरी केली यांच्या मॅग-ना-पोर्ट कंपनीनं १९७०च्या दशकात विद्युत ठिणगीनं धातू झिजवायची रीत बंदुकांच्या बॅरलसाठी रुळवली. बॅरल विद्युतरोधक द्रवात बुडालेलं असतं. इलेक्ट्रोड पोलादाला टेकत नाही. मधल्या केसाएवढ्या फटीत ठिणगीमागून ठिणगी पडते, आणि प्रत्येक ठिणगी पोलादाचा एकेक कण उडवते. इलेक्ट्रोडचा जो आकार, तोच खाचेचा. ड्रिलनं भोक पाडलं तर आत, रायफलिंगच्या (गोळीला फिरकी देणाऱ्या पिळदार चरांच्या) बाजूला, बर म्हणजे धातूची धारदार कड उभी राहते. ती नीट काढली नाही तर प्रत्येक गोळीला किसणी लागते. ठिणगीच्या कामात हा त्रास जवळपास नाही. मात्र खाच कितीही सफाईदार असली तरी तिला कड असते, आणि गोळीला त्या कडेवरूनच जायचं असतं.

म्हणून पोर्टेड बॅरलवाल्यानं किंमत किंवा ग्रेनमधलं वजन बघण्याआधी गोळीचं बाह्य आवरण बघावं.

[उभ्या कापलेल्या तीन गोळ्या, पांढऱ्या कापडावर.]

डावीकडची एफएमजे, म्हणजे फुल मेटल जॅकेट. तांबेमिश्रित धातूची वाटी ओढून शिश्यावर चढवली आहे. कवच जाड आहे, बुडाशी तेवढं शिसं उघडं. मधली प्लेटेड. शिश्यावर विजेनं तांब्याचा थर चढवलेला. दुकानात दोन्ही सारख्याच चमकतात, कापल्यावर फरक दिसतो. उजवीकडची नुसत्या शिश्याची, वर रंगीत पॉलिमरचा लेप.

सरावाला पहिली पसंती एफएमजे. पातळ प्लेटिंगची गोळी खाचेच्या कडेवर सोलली जाऊ शकते. नुसतं शिसं तर किसलंच जातं, आणि किस खाचेत बसतो. लेपवाली गोळी दोन्हींच्या मधली, पण लेप खरवडला की खाली तेच शिसं. ग्लॉकच्या मूळ पॉलिगोनल (आतून चरांऐवजी गोलसर बहुकोनी) बॅरलसाठी कंपनीच कवचाची गोळी वापरायला सांगते, त्यामुळे शिश्याचा प्रश्न तिथेच मिटतो.

खोक्यावरच्या नावानं फसू नका. ‘टोटल मेटल जॅकेट’ असं लिहिलेली गोळीही अनेकदा प्लेटिंगनंच बनते. थर जाड असेल तर चालते. किती जाड ते खोक्यावर नसतं, म्हणून उत्पादकाला सरळ विचारावं: पोर्टेड बॅरलमध्ये चालेल का? छऱ्यांची प्लास्टिक टोपीतली काडतुसं मात्र नकोतच, टोपी खाचेपाशीच फुटते.

[गोळी उपटण्याची हातोडी. मग गोळीचं जवळून दृश्य.]

हे पुन्हा भरलेलं स्वस्त काडतूस. गोळी उपटून बघितली तर कमरेभोवती ही रेघ. केसचं, म्हणजे काडतुसाच्या नळीचं, तोंड गोळीवर आवळतात, त्याला क्रिम्प म्हणतात. इथे तो जास्त दिला, त्यानं तांब्याचा थर चिरला. हीच गोळी पुढे रायफलिंगमध्ये पिळली जाणार आणि मग खाचेवरून घासत जाणार.

[लोहचुंबक खोक्यावरून फिरतो.]

चुंबक गोळीला चिकटला तर कवचात किंवा गाभ्यात पोलाद आहे. अनेक इनडोअर रेंजवर अशी गोळी आत नेऊ देत नाहीत, ठिणग्या उडतात म्हणून.

आता वजन आणि वेग. काडतुसाचा जोर स्पर्धेत पॉवर फॅक्टरनं मोजतात: ग्रेनमधलं वजन गुणिले सेकंदाला फुटांतला वेग, भागिले १,०००. ११५ ग्रेनची गोळी १,१५० फुटांनी गेली तर १३२. १४७ ग्रेनची ९५० फुटांनी गेली तरी १४०. आकडे जवळजवळचे, पण हलकी गोळी वेगात ढकलायला सहसा दारू जास्त लागते, वायू जास्त होतो आणि पोर्टला काम मिळतं. १४७ ग्रेनचं मंद काडतूस झाडून ‘पोर्टचा उपयोग नाही’ म्हणणारे रेंजवर भेटतात. त्यांच्या पोर्टला वायूच पुरेसा मिळालेला नसतो. फार मऊ भरलेल्या काडतुसात दुसरी अडचण: स्लाइड पुरती मागे जात नाही, रिकामी केस बाहेर पडायच्या खिडकीत उभी अडकते, किंवा शेवटच्या गोळीनंतर स्लाइड उघडी राहत नाही. स्पर्धेला जे वजन आणि जो वेग, तोच सरावाला ठेवावा.

[क्रोनोग्राफ, पुठ्ठा, टार्गेट.]

५० चं एकच खोकं आणावं. क्रोनोग्राफ, म्हणजे गोळीचा वेग मोजणारं यंत्र, तोंडापासून ३ मीटरवर. बॅरलच्या वर हातभर अंतरावर, स्टँडला पांढरा पुठ्ठा. पाच गोळ्यांनंतर पुठ्ठ्यावर नुसती काजळी असेल तर ठीक. हा बघा, इथे तांब्याचा टवका रुतलाय. अशी खूण दिसली की ते खोकं बाजूला. टार्गेटवर गोल भोकाऐवजी लांबट भोक पडलं तर गोळी आडवी होऊन पोचली, कवच फाटल्याची शक्यता मोठी. हाच टवका डोळ्यात गेला तर डोळा जातो, तेव्हा एएनएसआय झेड८७.१ या अमेरिकन मानकाचा सुरक्षा चष्मा लावा आणि पिस्तूल छातीजवळ धरून झाडू नका.

महाराष्ट्रात हा प्रयोग करायचा प्रश्न सहसा येत नाही, कारण भारतात सामान्य परवानाधारकाला ९ मिमीचं पिस्तूल मिळत नाही.

[साफसफाईचं टेबल. पिस्तूल रिकामं, मॅगझिन बाहेर.]

खाचेच्या कडेवर काजळीचा खडा जमतो. सॉल्व्हंट लावून दहा मिनिटं ठेवा, मग ब्राँझचा ब्रश. पोलादी टोच्यानं खरवडलं तर कडेला नवी बर उठते. नेम धरायची पुढची साइट आणि रेड-डॉटची (लाल ठिपक्याच्या साइटची) काचही पुसा, फवारा तिथेच बसतो. ब्रशला चकाकते तुकडे लागले तर ती काडतुसं बदला. काही लागलं नाही तर त्याच लॉट नंबरची १,००० ची पेटी घ्यायला हरकत नाही.