सूर्य मावळल्यानंतरचे चार तास

(दृश्य : मावळतीचं आकाश. सौर पॅनलांवरून उतरत जाणारं ऊन.)

संध्याकाळचे सहा. दुपारभर ओसंडून वीज देणारी ही पॅनलं आता निवत चालली आहेत. आणि याच वेळी माणसं घरी परततात. दिवे लागतात, पंखे आणि एसी सुरू होतात. सूर्याकडून येणारी वीज उतरतेय, मागणी चढतेय. वीजजाळं सांभाळणाऱ्या नियंत्रण कक्षासाठी दिवसातली सगळ्यात अवघड घटका हीच.

कॅलिफोर्नियाच्या अभियंत्यांनी २०१३ साली याचा आलेख मांडला. एकूण मागणीतून सूर्य आणि वाऱ्याची वीज वजा केली, तर उरलेल्या रेषेला दुपारी खोल पोट येतं आणि संध्याकाळी ती मान ताठ करून वर चढते. आकार बदकासारखा, म्हणून नावही तेच पडलं : डक कर्व्ह.

(दृश्य : प्रयोगशाळेतली जुनी छायाचित्रं. मग समुद्रातल्या पवनचक्क्या.)

१९५४ मध्ये अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत सिलिकॉनचा पहिला उपयुक्त सौर घट तयार झाला, तेव्हा तो पडणाऱ्या उन्हाच्या जेमतेम ६ टक्के ऊर्जेची वीज करायचा. आज बाजारातलं साधं पॅनल २० टक्क्यांच्या पुढे आहे, आणि २०१० नंतरच्या एका दशकात त्याची किंमत जवळपास दहाव्या हिश्शावर आली. वाऱ्याचंही तसंच. १९९१ साली डेन्मार्कमध्ये विंडेबीला समुद्रातलं पहिलं पवन ऊर्जा केंद्र उभं राहिलं. ११ पवनचक्क्या, सगळ्या मिळून सुमारे ५ मेगावॅट. आता समुद्रात उभी राहणारी एकच पवनचक्की त्याच्या तिप्पट क्षमतेची असू शकते.

स्वस्त वीज कशी करायची, हे आपल्याला बऱ्यापैकी उमगलं आहे. गाठ अडली आहे ती वेळेपाशी.

(दृश्य : बॅटरीचे कंटेनर. डोंगरावरचा जलाशय.)

साठवण हे त्यावरचं पहिलं उत्तर. दुपारच्या विजेवर पाणी वरच्या जलाशयात चढवायचं आणि संध्याकाळी टर्बाइनवर सोडायचं, ही जुनी आणि खात्रीची पद्धत. भरलेल्या विजेपैकी ७० ते ८० टक्के तरी परत मिळते. लिथियम-आयन बॅटऱ्याही आता मोठ्या प्रमाणावर जाळ्याला जोडल्या जात आहेत. साठवण हवीच. पण किती हवी, हे कोण ठरवतं? संध्याकाळी चालणारी यंत्रं ठरवतात. मला खरं बोलायचं आहे ते त्यांच्याबद्दल.

(दृश्य : संध्याकाळचे सात. खिडक्यांमागे एकेक दिवा लागतो.)

जुना ६० वॅटचा बल्ब जेवढा उजेड द्यायचा, तेवढा आज ९ वॅटचा एलईडी देतो. एक कोटी घरांत असे दोन-दोन दिवे बदलले आणि ते एकाच वेळी लागले, तर एक हजार मेगावॅटहून जास्त मागणी नाहीशी होते. तीही ऐन सात वाजता, जेव्हा पॅनल काहीच देऊ शकत नाही! पांढरा एलईडी शक्य झाला तो निळ्या एलईडीमुळे, आणि त्यासाठी इसामु आकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४ चं नोबेल मिळालं. ते अगदी सार्थ होतं.

(दृश्य : कारखाना. पंपाची घरघर.)

जगातल्या विजेचा निम्म्याच्या आसपास भाग यंत्रं फिरवणाऱ्या मोटर खातात. पंप, पंखे, कॉम्प्रेसर. कित्येक ठिकाणी पंप पूर्ण वेगानं फिरत असतो आणि नको असलेला प्रवाह झडपेनं अडवलेला असतो. ॲक्सिलरेटर दाबून धरायचा आणि ब्रेकनं वेग सांभाळायचा, तसला प्रकार. मोटरचा वेगच बदलणारी, ड्राइव्ह नावाची पेटी बसवली तर गणित पालटतं. पंपाला लागणारी शक्ती वेगाच्या घनानुसार बदलते. वेग २० टक्क्यांनी कमी केला की, प्रवाहाच्या घर्षणाशीच झगडणाऱ्या पंपाला लागणारी वीज जवळपास अर्ध्यावर येते. ही करडी पेटी कोपऱ्यात टांगलेली असते, तिच्यासमोर उभं राहून कुणी फोटो काढत नाही. मला मात्र ती पवनचक्कीइतकीच देखणी वाटते.

इमारतीसुद्धा वीज साठवू शकतात, थंडाव्याच्या रूपात. भिंती आणि छताला चांगलं उष्णतारोधन असेल, तर दुपारच्या सौर विजेवर गार केलेल्या खोल्या संध्याकाळी बराच वेळ गार राहतात. एसीचा भार उन्हाच्या वेळेकडे सरकतो.

एक शंका जुनी आहे आणि ती टाळून पुढे जाता येत नाही. इंग्रज अर्थतज्ज्ञ विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स यांनी १८६५ मध्येच बजावलं होतं की इंजिनं काटकसरी झाली की कोळसा कमी नाही, जास्तच जळेल. उजेड स्वस्त झाला की दिवे वाढतात, हे आपण पाहतोच. म्हणून नुसतं चांगलं यंत्र पुरत नाही. किमान कार्यक्षमतेचे नियम लागतात, आणि दुपारी स्वस्त, संध्याकाळी महाग असे वेळेनुसार दर लागतात. अमेरिकेत १९७० च्या दशकात नवा फ्रिज वर्षाला सुमारे १८०० युनिट वीज घ्यायचा. नियम कडक होत गेले, आणि नव्या शतकाच्या सुरुवातीला तो आकडा ५०० च्या आसपास आला. तोही फ्रिज मोठा झालेला असताना.

(दृश्य : रात्रीचे नऊ. नियंत्रण कक्षाचा पडदा.)

२०२३ च्या दुबईतल्या हवामान परिषदेत देशांनी २०३० साठी दोन उद्दिष्टं एकाच वाक्यात लिहिली : अक्षय ऊर्जेची जागतिक क्षमता तिप्पट करायची आणि ऊर्जा कार्यक्षमता सुधारण्याचा वार्षिक वेग दुप्पट. पहिल्या उद्दिष्टाची प्रगती उपग्रहातूनही दिसते. दुसऱ्याची इथे, या पडद्यावर शोधावी लागते.

रात्रीचे दहा. बदकाची मान खाली झुकते आहे. बॅटरीत अजून थोडी वीज शिल्लक आहे, आणि बाहेर वारा सुटला आहे.