पाद्रीबाबांची यादी आणि चेहऱ्यांचा बाजार

लंडन, जानेवारी १७८६. लिलावदार जॉन ग्रीनवुड यांच्याकडे एक विक्री सुरू झाली. एक-दोन नव्हे, तब्बल ४० दिवसांची. विकायचे होते ते निव्वळ कागद! जोसेफ गल्स्टन या गृहस्थांनी जमवलेली, तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेली चित्रं. त्यात इंग्रज स्त्रीपुरुषांची व्यक्तिचित्रंच २३ हजारांवर होती.

एवढी चित्रं कुणी का जमवावीत? त्यासाठी १७ वर्षं मागे जायला हवं.

ऑक्सफर्डशायरमधल्या शिपलेक गावचे पाद्री जेम्स ग्रेंजर यांनी १७६९ मध्ये इंग्लंडच्या छापील व्यक्तिचित्रांची चरित्रांसह यादी प्रसिद्ध केली. चित्रातल्या माणसांचे त्यांनी १२ वर्ग पाडले. पहिल्यात राजेराण्या, आणि बाराव्यात शंभरी ओलांडलेले म्हातारे, शरीरानं व्यंग असलेले, शिक्षा झालेले गुन्हेगार. मला ग्रेंजर मोठे वाटतात ते या बाराव्या वर्गामुळे. ज्यांना इतिहासात कुणी उभंही केलं नसतं, अशांचे चेहरे त्यांनी राजांच्याच यादीत नोंदवले, आणि संग्राहक तेही शोधू लागले.

यादी हाती आली, तसं आपल्याकडे काय नाही तेही लोकांना कळलं. भाव भडकले. जुने संग्राहक होरेस वॉलपोल यांनी १७७० मध्ये एका पत्रात लिहून ठेवलंय: पूर्वी एका मेझोटिंट (तांब्याच्या पत्र्यावरून गडद-फिक्या छटांत छापलेल्या) चित्राला ते एक-दोन शिलिंगांहून जास्त देत नसत, आता सर्वांत स्वस्त चित्रालाही पाच शिलिंग पडतात. पुस्तकांतली तीन पेन्सचीही लायकी नसलेली दुर्मीळ चित्रं पाच गिनींना जातात. एक गिनी म्हणजे २१ शिलिंग, एक शिलिंग म्हणजे १२ पेन्स. हिशेब करा, ४२० पट!

याची किंमत पुस्तकांनी मोजली. लेखकाचं चित्र हवं म्हणून जुन्या ग्रंथांची पानं कापली गेली. कापलेली चित्रं ग्रेंजर यांच्याच पुस्तकात कोरी पानं घालून चिकटवली जात. एका पुस्तकाचे असे कित्येक जाडजूड खंड होत. संग्राहकांच्या चिकाटीचं मला कौतुक आहे, पण या कात्रीचं समर्थन करता येत नाही.

ग्रेंजर १७७६ मध्ये वारले. दोनच वर्षांनी त्यांची स्वतःची १४ हजारांवर चित्रं ग्रीनवुड यांच्याच हातोड्याखाली गेली. गल्स्टन यांना वडिलांकडून अफाट संपत्ती मिळाली होती. ती उधळपट्टीत आणि संग्रहात संपली. १७८६ च्या मार्चमध्ये त्यांचा लिलाव आटोपला, जुलैमध्ये ते गेले.

संग्रह फुटले, चित्रं घरोघर पांगली. पण लिलावाच्या छापील याद्या राहिल्या. त्या काळच्या काही प्रतींच्या समासात कुणीतरी जागेवरच टिपून ठेवलंय: कोणतं चित्र कितीला गेलं, कुणी घेतलं. आज संग्रहालयातलं एखादं चित्र कुणाकुणाच्या हातून आलं, याचा माग अभ्यासक त्या हस्ताक्षरांवरून काढतात.