एकच कार्ड, मग दोनदा भाडं का? टोकियोच्या मेट्रोचा हिशेब

नमस्कार मंडळी. टोकियोच्या प्रत्येक व्हिडिओखाली तोच प्रश्न: "सुइका घेऊ की पासमो? स्वस्त कुठलं?" ही दोन्ही रेल्वेची प्रीपेड कार्डं, गेटवर टेकवली की भाडं कापलं जातं. अहो, भाडं कार्ड ठरवतच नाही! सुइका जेआर ईस्ट या रेल्वे कंपनीनं 2001 मध्ये आणलं, पासमो खासगी रेल्वे आणि मेट्रोवाल्यांनी 2007 मध्ये. दोन्ही त्याच गेटवर चालतात आणि दोन्हींतून तेवढेच येन जातात. डिपॉझिट 500 येन, बॅलन्स 20,000 पर्यंत ठेवता येतो. कागदी तिकिटाला भाडं 10 च्या पटीत, कार्डावर मात्र 2014 पासून एकेका येनचा हिशेब. म्हणून तिकीट 180 चं, तर कार्डावर 178. झालं, एवढंच. पुढे चला.

आता खरी गोची: एकाच प्रवासात दोनदा भाडं का कापलं, ही तक्रार. कार्ड एकच असलं तरी रेल्वे एक नाही. टोकियो मेट्रो ही एक कंपनी. तोएई ही दुसरी भुयारी रेल्वे, ती टोकियो महानगर सरकारची. शिवाय जेआर, तोक्यू, तोबू आणि आणखी कितीतरी. प्रत्येकीचं भाडं अंतरावर, पण सुरुवातीचे किलोमीटर सगळ्यांत महाग. कंपनी बदलली की टॅक्सी बदलल्यासारखं, मीटर पुन्हा पहिल्यापासून.

आकड्यांत बघू. टोकियो मेट्रोनं 6 किलोमीटरपर्यंत कुठंही जा, कार्डावर 178. तेच अंतर तीन किलोमीटर मेट्रोनं आणि तीन तोएईनं केलंत, तर 178 अधिक 178. या दोघींत 70 येनची जोड-सवलत आहे, ती गेटच वजा करतं, तुम्हाला काही करावं लागत नाही. तरी उरले 286. अंतर तेच, शंभरावर येन जास्त. कमेंटमध्ये कुणीतरी लिहिलंय, "गेट पैसे खातं." गेट काही खात नाही हो!

पटत नसेल तर कुदानशिता स्टेशनला जा. तिथं मेट्रोची हानझोमोन लाइन आणि तोएईची शिंजुकू लाइन शेजारी-शेजारी. मध्ये एक भिंत होती. म्हणजे पलीकडची गाडी हाकेच्या अंतरावर, आणि माणसं जिने चढून, गेट पार करून, परत जिने उतरून तिथं पोचायची. 2013 मध्ये ती भिंत पाडली. आता एका गाडीतून उतरा, फलाट ओलांडा, समोरच्या गाडीत बसा. गेटबिट काही नाही. पण भाडं? दोन कंपन्यांचंच. भिंत गेली, हद्द राहिली. (त्या काळात दोन्ही भुयारी रेल्वे एक करा म्हणून टोकियो सरकारनं बराच जोर लावला होता. ते झालं नाही, उलट 2024 मध्ये टोकियो मेट्रो शेअर बाजारात आली.)

याहून अवघड जागा शिबुया स्टेशन. इथं तर फलाटही ओलांडायचा नाही. तोक्यूच्या देन-एन-तोशी लाइनची गाडी शिबुयाला येते, मोटरमन बदलतो आणि तीच गाडी हानझोमोन लाइन म्हणून पुढे निघते. काही गाड्या तर तिथून पुढे तोबूच्या रुळांवर जातात. तुम्ही त्याच सीटवर डुलक्या काढताय आणि कंपन्या झाल्या तीन. माझी मावशी आली होती तेव्हा तिला हे पटेचना. "मी उठलेच नाही तर दुसरं भाडं कसलं?" मावशी, तू नाही उठलीस, पण गाडी दुसऱ्याच्या घरात शिरली ना!

हे लोकांच्या लक्षात येत नाही त्याचं कारणही सांगतो. तिकीट मशीनवर कार्डाचा इतिहास छापून घ्या. प्रत्येक प्रवासाची एक ओळ: कुठं चढलात, कुठं उतरलात, शिल्लक किती. मधल्या शिबुयाचं नावही नाही. दोन-तीन कंपन्यांची बेरीज त्या एका ओळीत मुकाट बसलेली असते. मग वाटणारच की जास्त कापले.

आणि मध्ये गेट नसेल तर तुम्ही कुठल्या मार्गानं आलात हे मशीनला कसं कळतं? नाही कळत. ते सर्वांत स्वस्त मार्ग धरतं. यात तुमचाच फायदा, त्यामुळे यावर कुणी तक्रारीची कमेंट करत नाही, गंमत बघा.

शेवटची कमेंट, लंडनहून: "आमच्याकडे ऑयस्टर कार्डावर दिवसाच्या भाड्याची कमाल मर्यादा असते, पुढे फुकट. टोकियोत?" सुइका-पासमोवर तसं काही नाही. दहा वेळा चढलात तर दहा वेळा कापणार. दिवसभर भटकायचं असेल तर मेट्रो आणि तोएई दोन्हींवर चालणारा पास वेगळा मिळतो. जेआरच्या गाडीत तो चालत नाही, आणि शिबुयाच्या पुढे तोक्यूच्या हद्दीतही नाही. तिथलं भाडं वेगळं भरावं लागतं. पास खिशात आहे म्हणून त्या सीटवर झोपून जाऊ नका.