दाजींचा टीव्ही आणि पाठीला चिकटवलेला मॅग्नेट

विषय फळ्यावर लिहिलाच आहे, ‘स्पीकरला जादा मॅग्नेट लावावा का?’ उत्तर देतो, पण आधी दाजींचा टीव्ही. ज्यांनी ही गोष्ट ऐकली आहे त्यांनी पुन्हा हसावं, चहा मंडळाचा आहे.

1982 साली दूरदर्शन रंगीत झालं. दोनेक वर्षांत दाजींनी सेट घेतला. ताईनं त्यावर क्रोशाचं कव्हरही घातलं. मी तेव्हा भंगारातले मॅग्नेट उचकटून चालू स्पीकरच्या पाठीला लावायचो. एका बाजूनं धरला की ढकलायचा, उलटा केला की खट्‌कन चिकटायचा. चिकटला म्हणजे जमलं! (त्यात करंगळीचं नख गेलं, अजून वाकडंच उगवतं.) असा एक आठ इंची स्पीकर खोक्यात बसवून ताईकडे नेला आणि टीव्हीला खेटून ठेवला. बातम्या लागल्या. निवेदिकेचा एक गाल हिरवा, दुसरा जांभळा!

“काय केलंस रे?”

“दाजी, अँटेना हलला असेल.”

बिचारे गच्चीवर गेले. मी खोका लांब सरकवला आणि ओरडलो, “आलं, आलं!” उरलासुरला डाग पुढं सेट बंद-चालू होता होता गेला. दाजी तिसऱ्या रांगेत बसलेत. दाजी, अँटेना नव्हता हो तो.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं. बरं, भरभर.

हिरवा गाल म्हणजे पुरावा: जुन्या काचेच्या ट्यूबच्या टीव्हीत चुंबक जवळ आला की रंग विस्कटायचे. जे चुंबकीय क्षेत्र गॅपमध्ये, म्हणजे पडदा हलवणाऱ्या तारेच्या वेटोळ्याभोवतीच्या (व्हॉइस कॉइल) अरुंद फटीत हवं, ते दिवाणखान्यात सांडत होतं. चिकटणारा मॅग्नेट मागच्या प्लेटमधलं क्षेत्र स्वतःकडे ओढतो. गॅपमधलं उलट घटतं. ढकलणाऱ्या बाजूनं, अॅराल्डाइट लावून रात्रभर शिकंजात आवळून बसवला, तर गळणारं थोडं परत आत वळतं. टीव्हीजवळच्या स्पीकरांना कारखान्यात असाच उलटा मॅग्नेट आणि वर लोखंडी डबा बसवत. गळती आवरणं हा तिथं मुख्य हेतू.

मिळतं किती? समजा क्षेत्र 5 टक्के वाढलं. आवाज वाढतो जेमतेम 0.4 डेसिबल, कानाला कळणारही नाही. पोलपीसचं, म्हणजे कॉइलच्या आतल्या गाभ्याचं लोखंड आधीच 2 टेस्लाच्या (क्षेत्राचं एकक) आसपास तृप्त झालं असेल, आणखी क्षेत्र घेईना, तर तेवढंही नाही. स्पीकरच्या पुढच्या-मागच्या प्लेटांच्या मध्येच मॅग्नेटची जाड चकती घालणं ही वेगळी गोष्ट. दुकानदार ‘डबल मॅग्नेट’ म्हणतो तेव्हा कुठला, ते विचारा.

आणि बेस! सगळे बेससाठीच हे करतात ना? क्षेत्र वाढलं की कॉइलवरचा विद्युत ब्रेक वर्गाच्या प्रमाणात घट्ट होतो. 5 टक्क्यांना ब्रेक 10 टक्के. त्याच खोक्यात खालचा आवाज फुगत नाही, आवळतो. खोका बदला, मॅग्नेट नको.

बास, उठतो. दोन्ही नमुने बाहेर टेबलावर आहेत. एटीएम कार्डं आणि घड्याळं लांब ठेवा. दाजी, तुम्ही करंगळी.