४९ चौकोनांची गोधडी

(दृश्य: फरशीवर पसरलेले कापडाचे चौकोन. त्यांची जागा बदलणारे दोन हात.)

४९ चौकोन. सात ओळी, ओळीत सात. त्यातले ३५ साध्या पांढुरक्या केंब्रिकचे (तलम सुती कापड), फक्त १४ रंगीत. शिवून झालं की साधारण ३५ इंची गोधडी होते, बाळाला जमिनीवर खेळायला टाकता येईल एवढी. पहिली गोधडी एवढीच असावी. डबल बेडची गोधडी पहिल्याच वेळी हातात घेतली, तर मशीनखालून तिचं ओझं सरकवतानाच खांदे भरून येतात आणि ती अर्धवट राहते.

पांढरा एवढा का, असं घरात कोणीतरी विचारणारच. आपली गोधडी कशी दाटीवाटीनं भरलेली असते. इथं मात्र मोकळी जागाच नक्षीचं काम करते. रंगीत तुकडे सगळीकडे सारखे पसरायचे नाहीत. एका कोपऱ्यात गर्दी करा, तिथून दोन-तीन तुकडे दूर जाऊ द्या. हळदी, गर्द निळा, एखादा खणाचा तुकडा. मग उभं राहून दुरून बघा. या मांडणीला एक अख्खी संध्याकाळ द्या. गोधडीचं रूप इथंच ठरतं, पुढचं सगळं शिवणकाम आहे.

(दृश्य: जुन्या, विटलेल्या कपड्यांच्या पट्ट्यांचे छायाचित्र.)

अशी शिवण आज जगभर ‘मॉडर्न क्विल्ट’ म्हणून ओळखली जाते. २००९ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये तिच्यासाठी मॉडर्न क्विल्ट गिल्ड ही संस्थाही उभी राहिली. पण हे धाडस त्याच्या कितीतरी आधीचं आहे. अमेरिकेत अलाबामा नदीच्या वळणावर जीज बेंड नावाची वस्ती आहे. तिथल्या कृष्णवर्णीय बायका, गुलामगिरीत राबलेल्यांच्या लेकी-नाती, शेतात झिजलेल्या डेनिमच्या आणि जुन्या शर्टांच्या पट्ट्या जोडून थंडीसाठी पांघरुणं शिवत आल्या. वाकड्या रेषा, मोठे मोकळे पट्टे, मधेच एक लालभडक तुकडा. २००२ मध्ये ही पांघरुणं ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात आणि मग न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात भिंतीवर लागली. २००६ मध्ये ती अमेरिकेच्या टपाल तिकिटांवर आली. आपल्याकडे लुगड्याची गोधडी शिवणाऱ्या बायकांची नजर त्याच तोडीची आहे, असं मला मनापासून वाटतं. तिला भिंत मिळाली नाही.

(दृश्य: मशीनची सुई, शेजारी चिकटवलेली रंगीत पट्टी.)

आता कापणी. कापड आधी धुऊन घ्या, नव्या कापडाची खळ जायला हवी आणि रंग जाणार असेल तर तोही आधीच गेलेला बरा. चौकोन साडेपाच इंचांचा कापायचा, शिवल्यावर तो पाच इंचांचा राहतो. पांढरं कापड एक मीटर पुरून उरतं.

सगळी कसोटी शिलाईच्या अंतराची. कडेपासून पाव इंच, म्हणजे टेलरच्या भाषेत दोन सूत. सुईपासून दोन सूत मोजून मशीनच्या पत्र्यावर चिकटपट्टी लावा आणि कापडाची कड तिला धरूनच न्या. दोन चौकोन जोडून मोजा: बरोबर साडेदहा इंच भरले पाहिजेत. टीप अर्धं सूत जरी आत गेली, तरी दोन्ही तुकड्यांचं मिळून एक सूत जातं. एका ओळीत सहा जोड, म्हणजे पाऊण इंच गायब. मग पुढच्या ओळीशी सांधे जुळत नाहीत, आणि ओढून जुळवले तर गोधडी फुगे धरते.

जोड इस्त्रीनं दाबताना पहिल्या ओळीतले डावीकडे पाडा, दुसरीतले उजवीकडे. ओळी एकमेकींना जोडताना हे उलटसुलट सांधे बोटांखाली आपोआप एकमेकांत बसतात. हे जमलं की चौकोनांचे कोपरे अचूक भेटतात. पहिल्यांदा भेटतात तेव्हा फार आनंद होतो.

(दृश्य: अंगणात पसरलेली मऊ सुती साडी.)

पोटात काय घालायचं? दुकानात क्विल्टसाठी सुती बॅटिंग, म्हणजे आत भरायचा तयार थर, मिळतं. पण या हवेला जुनी सुती साडी उत्तम. सहावारीचे ४० इंची तुकडे केले की पाच निघतात. तीन पोटात, एक पाठीला, एक शिल्लक. थर ताणून पसरा, हातानं सुरकुत्या मोडा, आणि मधून कडेकडे कच्चा दोरा घाला. इथं घाई केली तर पाठीला चुण्या पडतात आणि त्या उसवल्याशिवाय जात नाहीत.

मग धावदोरा. लांब सुई, जाड सुती दोरा, बोटात अंगुस्तान. दोन-दोन बोटांच्या अंतरानं सरळ रेषा, मधून सुरुवात. मोकळ्या पांढऱ्या भागात टाका नीट दिसतो, म्हणून तिथं दोरा रंगीत घ्या. टाके इंचाला अमुकच हवेत असं काही नाही, ते सारखे असले की पुरे.

कारवार-हल्याळकडच्या सिद्दी बायका याच्या उलट, कडेनं फेर धरत मध्याकडे येतात. पोर्तुगिजांनी गोव्यात आणलेल्या आफ्रिकी गुलामांतले बरेच जण पळून त्या जंगलात वसले. त्यांच्या वंशातल्या या बायकांच्या गोधडीला कवंदी म्हणतात. त्या आधी तुकडे जोडत बसत नाहीत, थेट थरांवर ठेवून टाका घालतात. चारी कोपऱ्यांना घडी घातलेले त्रिकोणी तुकडे लावतात, त्यांना म्हणतात फुला. फुलांशिवाय कवंदी त्यांना उघडीनागडी वाटते.

आपणही ते मानानं घेऊ या. कडेला गोट लावण्याआधी तीन इंची चौकोन दोनदा तिरपा दुमडा, त्याची उघडी बाजू कोपऱ्यालगत कडेला जुळवा. गोटाची पट्टी अडीच इंची, सरळ कापाची चालते, कड सरळ असली की उरेबची, म्हणजे तिरक्या कापाची, गरज नाही. पट्टी दुहेरी दुमडून वरून टीप मारा, मागे वळवून तुरपाई करा. फुलांचं मोकळं टोकही दोन-तीन टाक्यांनी पक्कं करा, कारण बाळ ते ओढणार, तोंडात घालणार.